सगळी वाडी एक जूनची

सणसरच्या अलीकडच्या वाडीत कुंडलिक मास्तरांनी एकोणीस वर्षं शाळा चालवली, आणि त्यांच्या शाळेत आलेलं एकूण एक माणूस एक जूनला जन्मलं.

यात मास्तरांचा तरी काय दोष? पहिलीत घ्यायचं तर पोर सहा वर्षांचं हवं. पट भरला नाही तर शाळा बंद. आणि पोराचं वय विचारलं की वाडीतला बाप हाताने उंची दाखवायचा. मग मास्तर दिसेल त्याला धरून आणायचे. चार वर्षांचं शेंबडं असो की मिसरूड फुटलेला गुराखी, रजिस्टरात दोघंही एक जूनला सहा पूर्ण! मास्तरांचं अक्षर मुळात सुरेख, आणि थाप लिहिताना ते आणखीच वळणदार यायचं.

सत्तावन्न सालच्या जानेवारीत तालुक्याच्या शाळा तपासणारे दिपोटीसाहेब वाडीला येणार होते. इंदापूरच्या मोठ्या शाळेत हेडमास्तरांची जागा रिकामी होती. साहेबांचा शेरा चांगला पडला की ती जागा आपलीच, हे मास्तरांनी धरूनच टाकलं होतं. इंदापूर म्हणजे एस.टी., मामलेदार कचेरी, आणि रस्त्याने जाताना लोकांचा रामराम. त्यांच्या सांगण्यावरून त्यांची बायको म्हाळसाबाई हिने पत्र्याच्या ट्रंकेत भांडीसुद्धा भरायला घेतली होती.

त्या वर्षी वरून फर्मान आलं होतं, की बीजगणिताची उदाहरणं मुलांच्या जीवनातून घ्यावीत. मास्तरांनी रजिस्टर उघडलं. सातवीतली सारजा बारा वर्षांची. तिचा बाप अप्पा, तोही याच शाळेचा विद्यार्थी, चोवीस वर्षांचा. वा! बरोबर दुप्पट! मास्तरांना इतका आनंद झाला की पुढचा विचार करायचा राहूनच गेला. ते रजिस्टर आपणच लिहिलंय, हे ते केव्हाच विसरले होते.

तपासणीच्या दिवशी साहेब खुर्चीत बसले. दाराशी, शाळा कमिटीचे चेअरमन म्हणून, नवा फेटा बांधून अप्पा बसले. मास्तरांनी घसा साफ करून उदाहरण घातलं, "सारजा आणि तिचे वडील यांच्या वयांची बेरीज छत्तीस. वडिलांचे वय सारजाच्या दुप्पट. दोघांची वये पूर्णांकात काढा."

सारजाने फळ्यावर लिहिलं, 'सारजाचे वय क्ष मानू.' वडिलांचे दोन क्ष. तीन क्ष बरोबर छत्तीस. क्ष बरोबर बारा. वर तिने ताळाही करून दाखवला.

"शाबास!" साहेब म्हणाले. "म्हणजे तू जन्मलीस तेव्हा वडील किती वर्षांचे होते?"

"बारा, साहेब."

"काय बोलतीस!" अप्पा ताडकन उठले. "बाराव्या वर्साला मी म्हशीमागं हुतो. मला मास्तरांनी म्हशीवरनं उतरवून पैलीत बसवला, तवाच मिशा फुटत हुत्या मला!"

साहेबांनी रजिस्टर मागितलं. एक पान उलटलं, दुसरं उलटलं, मग भराभर उलटत गेले.

"मास्तर, एकशे त्रेसष्ट मुलं, आणि सगळी एक जूनची! वाडीत सुईणी तरी किती होत्या?"

"एकच, साहेब," अप्पांनी हौसेने माहिती पुरवली. "कुशाबाई. आजून हाय."

साहेब सारजाकडे वळले. "मग तुझ्या गणितात चूक कुठं आहे?"

सारजाने फळ्यावरची ओळन् ओळ पुन्हा तपासली. "चूक न्हाय, साहेब. मी एकदाच मानलं. गुरुजींनी त्याच्या आदीच मानून ठेवलं हुतं."

हेडमास्तरकी तर बुडालीच, आता असलेली नोकरीही राहत नाही, असं मास्तरांना वाटलं. पण साहेबांनी रजिस्टर मिटलं.

"येत्या एक जूनला मी पेन्शनीत निघतोय," ते म्हणाले. "कागदावर पंचावन्न पुरी होतात. आणि माझी थोरली बहीण कागदावर माझ्याहून एका वर्षानं धाकटी आहे. आमच्या गावालाही असाच कोणीतरी मास्तर होता." त्यांनी शेरा लिहिला: 'बीजगणित उत्तम. इंदापूरच्या जागेस योग्य. मात्र प्रथम रजिस्टरातील सर्व जन्मतारखा खऱ्या शोधून लिहाव्यात.'

मास्तर हरखून गेले. हे तर आठ दिवसांचं काम! दुसऱ्या दिवशी सकाळीच ते रजिस्टर घेऊन कुशाबाईच्या ओसरीवर जाऊन बसले. इंदापूरला जायच्या आधी म्हातारीचा निरोप घ्यावा म्हणून म्हाळसाबाईही बरोबर आली होती.

"सारजा कधी झाली, आजी?"

"कालव्याचा फाटा फुटला, त्याच्या फुडल्या साली."

"फाटा कधी फुटला?"

"दत्तोबाचा गणा झाला त्या साली."

"आणि गणा?"

"आता काय सांगावं! सारजाच्या आदल्या साली की."

मास्तरांनी टाक खाली ठेवला. अज्ञात तीन, आणि समीकरणं एकमेकांच्या मागे गोल फिरणारी. इंदापूर एकदम लांब गेलं.

"थांबा, आठवलं," कुशाबाई म्हणाली. "सारजाची नाळ कापली आन् तशीच पळत तुमच्याकडं आल्ते. म्हाळसाबाईचं पैलं..." आणि म्हातारी मध्येच थांबली.

म्हाळसाबाईने मान वर केली नाही. "शके अठराशे सदुसष्ट," ती म्हणाली. "भाद्रपद. गौरी जेवल्या त्याच्या दुसऱ्या दिवशी, दिवस उगवायला."

तिचं ते पोर दुपार व्हायच्या आतच गेलं होतं. वाडीतल्या एकशे त्रेसष्ट पोरांना मास्तरांनी जन्मतारीख दिली, पण हे सहा वर्षांचं झालंच नाही, म्हणून त्याचं नाव कुठल्याच पानावर नव्हतं. त्याचा दिवस आपल्याला आठवत नाही, हे मास्तरांना आत्ता कळलं, आणि त्यांना स्वतःची लाज वाटली.

त्यांनी सारजाच्या नावापुढची एक जून खोडली. पोरगी सव्वा वर्षानं लहान निघाली. वाडीतली पहिली खरी तारीख लिहिताना मास्तरांचं अक्षर वेडंवाकडं आलं.

म्हाळसाबाईने ते पाहिलं.

"असू द्या," ती म्हणाली. "पुन्ना गिरवू नका."