बिनदाराच्या घरातली बटणं

शिंगणापूरच्या जगन्नाथ मास्तरांच्या घराला गावच्या रीतीप्रमाणे दार नव्हतं. पण म्हणून कुणीही उठून आत डोकावावं, हे त्यांना बिलकूल खपत नसे. आपण कॉम्प्युटरवर काय करतो ते कंपनीला कळतं, असं पेपरात वाचलं आणि त्यांचं डोकंच फिरलं.

"लाज कशी वाटत न्हाई लेकाच्यांना!" म्हणत ते सेटिंगमध्ये शिरले. जास्तीची माहिती पाठवण्याचं बटण त्यांनी बंद केलं, टायपिंगचं केलं, जाहिरातींचं केलं. एक मात्र काही केल्या बंद होईना. तेवढी माहिती जाणारच, असं खाली लिहिलं होतं. मास्तरांनी त्याला दोन शिव्या हासडल्या.

मग आजवर कंपनीकडे गेलं तरी काय, म्हणून त्यांनी पाठवलेल्या माहितीची यादी उघडली. सोमवारी पत्त्यांचा खेळ, चार तास. मंगळवारी पत्त्यांचा खेळ, पाच तास. बुधवारी सहा. पानंच्या पानं तेच.

मास्तर यादी खाली सरकवत राहिले. बायको गेल्यापासून ते दिवस कसा काढतात, हे पुण्यातल्या मुलानं, अमृतनं, कधी विचारलं नव्हतं. शेजारीपाजारी तेराव्यानंतर फिरकले नव्हते. त्यांनी मान वर करून चौकटीकडे पाहिलं. अडवायला फळी नव्हती, कडी नव्हती, तरी वर्षभरात ती ओलांडून कुणी आत आलं नव्हतं.

त्यांनी जास्तीच्या माहितीचं बटण पुन्हा चालू केलं आणि पत्त्यांचा नवा डाव मांडला.