येळवसीची वाट आणि माझे जाड टायर

मी सायकल बोलतेय. काळी, बिनदांडीची, सव्वीस इंची चाकांची. आणि टायर पावणेदोन इंच रुंद. ही रुंदी नीट ध्यानात ठेवा, कारण एका शनिवार-रविवारी आमच्या घरची साडेतीन एकर जमीन तिच्यावर येऊन ठेपली होती. मला एका जागी उभं राहवत नाही, तेव्हा भराभर सांगते.

माझे सुटे भाग परमुलखातून खोक्यात आले, पण मला सायकल केलं ते उदगीरच्या गुरुबसप्पा मिस्त्रीनं. एकेक तार आवळायचा, चाक फिरवायचा, कान लावून ऐकायचा. केवळाबाई मला न्यायला आल्या तेव्हा दुकानात हशा पिकला. चाळिशीला आलेली बाई, नऊवारी लुगडं, आणि सायकल! त्यांना अंगणवाडीची नोकरी लागली होती. तीन वस्त्यांवर जायचं होतं.

"अक्का, बारीक टायर घ्या. हलकं जातंय," मिस्त्री म्हणाला.

"माझी वाट बघितलीस का तू?"

"न्हाई."

"मग गप जाड टाक. भेगाळलेलं काळं रान हाय ते, तुझ्या दुकानाची फरशी न्हाई."

त्या पंधरा दिवस पडल्या, कोणी धरायला आलं तर त्याला हाकलून पुन्हा पडल्या, आणि सोळाव्या दिवशी निघाल्या. मला वाटतं, आम्हा दोघींना तेव्हापासूनच थांबणं जमेना.

त्र्याण्णव साली गणपती बोळवून गाव निजलं, ते पहाटेच्या भूकंपातून उठलंच नाही. केवळाबाईंचे मालक व्यंकटराव माळवदाच्या मातीखाली गेले. वासरू हंबरलं म्हणून केवळाबाई अंगणात आल्या होत्या, त्या वाचल्या. मी दोन दिवस मातीत होते. जवानांनी ओढून काढलं तेव्हा माझं पुढचं चाक धरणारा चिमटा वाकला होता, पण चाकं गोल होती.

मुलगा दयानंद लातूरला एका क्लासमध्ये फिजिक्स शिकवायचा. तो आईला घेऊन गेला, मीही गेले. तिथं पाहिल्या सायकली! एकेका क्लाससमोर चारचारशे. देगलूरची, नायगावची, कुठकुठली पोरं. कुणाला डॉक्टर व्हायची घाई, कुणाला इंजिनिअर. पहाटे पाचला सगळ्या चाकांची खरखर सुरू व्हायची आणि मी मात्र भिंतीला टेकून. वर्षभर! माझ्या साखळीला गंज चढला आणि केवळाबाईंच्या जिभेला धार.

दयानंदला स्वतःचा क्लास काढायचा होता. त्यासाठी लातुरात जागा हवी, जागेसाठी शेत विकायचं. गिऱ्हाईक तयार होतं, कागद तयार होते. फक्त केवळाबाईंची सही व्हायची होती.

"आई, तू आता तिथवर पोचत बी न्हाईस. यष्टी फाट्यावर सोडती, म्होरं तीन कोस नुस्ती पांदण. मग ठेवायचं कुणासाठी?"

"पोचत न्हाई? येळवस कधी हाय?"

"रविवारी. पण रविवारी टेस्ट हाय, आई."

येळवस म्हणजे वेळ अमावस्या. त्या दिवशी लातुरात रस्त्यावर कुत्रंही दिसत नाही. सगळे आपापल्या रानात. कडबा उभा करून केलेल्या कोपीत पाच दगडांचे पांडव मांडायचे, त्यांना आंबील आणि शेंगा-पालेभाज्यांची भज्जी दाखवायची, मग वाटेनं जाईल त्याला हाताला धरून जेवायला बसवायचं. भूकंपानंतरची पहिली येळवस आमच्या घरी झालीच नव्हती. ही दुसरी.

"तर ऐक," केवळाबाई म्हणाल्या. "इथून माझ्या सायकलीवर जाते. ऊन डोक्यावर यायच्या आत शेतात पोचून पांडव पुजले, तर सहीचं नाव काढायचं न्हाई. न्हाई पोचले, तर तिथंच सही करते."

"पंधरा कोस?"

"शनवारी निघायचं, दानम्माकडं मुक्काम. तू बी ये. मास्तर हाईस ना, साक्षीला लागशील."

दयानंदनं रजा काढली, आणि माझ्याकडं बघून नाक मुरडलं. त्याच्याकडं गिअरची नवी सायकल होती. टायर सव्वा इंची, दगडासारखे टणक. आईची काळजी त्याला खरीच होती. म्हणाला, "ही घे. जाड टायरला घर्षण जास्त असतं, दमशील."

"ते घर्षण तुझ्या फळ्यावर राहू दे."

त्यानं निदान पंप मारून माझीही चाकं टणक केली. केवळाबाईंनी त्याच्यादेखत व्हॉल्व्ह ढिला करून फुस्स करून थोडी हवा सोडली. जुनी ट्यूब उभी कापून टायरच्या आतून अस्तर लावलं, बाभळीच्या काट्यांसाठी. चिखल नव्हता, तरी मडगार्ड काढले. म्हणाल्या, ढेकूळ अडकतं. मागं वळकटी, पुढं दशम्यांची पिशवी. मी नुसती थरथरत होते.

शनिवारी डांबरी रस्त्यावर दयानंद पुढं पळायचा आणि झाडाखाली वाट बघत बसायचा. "आलीस का गं?" म्हणून हसायचा. खोटं कशाला बोलू, डांबरावर त्याचंच खरं होतं. माझा जीव चडफडला.

दानम्मा ही केवळाबाईंची मैत्रीण, भूकंपानंतर उभारलेल्या पत्र्याच्या शेडमध्ये राहायची. रविवारी सकाळी तिनं आंबील दिलं: ताक आणि ज्वारीचं पीठ रात्रभर आंबवलेलं, मातीच्या मोग्यात, तोंडाला फडकं. दयानंद म्हणाला, "हे सांडणार." आई लुगडं आवरत होती तेवढ्यात त्यानं ते तेलाच्या कॅनमध्ये ओतलं, झाकण पिळून घट्ट केलं आणि माझ्या कॅरेजला आवळलं. मला कळत होतं, पण मला बोलता कुठं येतं!

पांदण लागली. बैलगाडीच्या चाकोऱ्या, मधे बोटबोटभर भेगा. मी त्यांच्यावरून अलगद गेले. माझे टायर जरा दबायचे, जरा पसरायचे, भेग खाली राहायची. मागून "आई गं!" ऐकू आलं. दयानंदचं पुढचं चाक भेगेत उभं रुतलं होतं आणि तो तुरीत पडला होता. चाक पार वाकडं.

केवळाबाई वळल्या, तोच माझ्या पाठीवर धडाम्! आंबलेलं आंबील दोन तास हिंदकळून फुगलं होतं; झाकण उडालं आणि सगळं त्यांच्या पाठीवर, डोक्यावर, माझ्या चाकांवर.

"कुणी घातलं हे कॅनात?"

दयानंद तुरीतून म्हणाला, "सांडू नये म्हणून..."

"पोरांना दाबाचा धडा शिकवतोस ना रे तू? आंबील श्वास घेतं, त्याला फडकंच लागतं, एवढं कळंना?" मग सूर्याकडं बघितलं. "लागलं तर न्हाई ना? मग ये चालत."

त्या निघाल्या. आंबिलाशिवाय पूजा कशी व्हायची? पण रानोरान कोपी होत्या, आणि येळवसीला कुणी कुणाला नाही म्हणत नाही. एका बांधावरून भुजंग नावाच्या शेतकऱ्यानं हाक मारली, "या मावशी, जेवाया!"

"बसायला येळ न्हाई बाबा. तांब्याभर आंबील दे."

"सगळं तर अंगावर घेऊनच आलाव की!"

"तुझ्या घरचं चांगलं असंल म्हणून मागते. दे लवकर."

एका हातात तांब्या, एका हातात माझं हँडल. असं त्यांनी मला कधी पळवलं नव्हतं. शेतात पोचलो, त्यांनी पाच दगड धुतले, चुना लावला, चार कडब्याच्या पेंढ्या उभ्या केल्या, आंबील शिंपडलं. मग माझ्याकडं बघितलं. माझी सावली चाकाखालून निघून पूर्वेला लांबली होती. ऊन केव्हाच कललं होतं.

दयानंद आला तो सायकल खांद्यावर घेऊन.

"मी उशिरा पोचले," केवळाबाई म्हणाल्या. त्यांचा आवाज मी असा कधी ऐकला नव्हता. "आण कागद."

तो बांधावर बसला. "तीन रानांत मला धरून जेवाया बसवलं. कुणाचा रे तू म्हणले. व्यंकटरावाचा म्हणलं तर एक म्हातारा रडलाच." मग त्यानं मनगट पुढं केलं. पडताना घड्याळाची काच फुटली होती, काटे थांबले होते. "माझ्यात अजून अकराच वाजलेत, आई."

"फुटकं घड्याळ दाखवून आईला फसवतोस व्हय रे? पैज उन्हावर होती."

"ऊन मला कळत न्हाई. मला घड्याळच कळतं. वाढ आता."

"तीन ठिकाणी गिळून आलास की!"

"इथं कुठं जेवलो?"

त्यांनी वाढलं. कागद पिशवीत तसेच ठेवून तो जेवायला बसला.

आता मी भूकंपानंतर वसवलेल्या नव्या गावातल्या घरात खिळ्याला टांगलेली आहे. दयानंदनं पुढं भाड्याच्या खोलीत क्लास काढला. शेत आमचंच आहे. त्याची लेक श्रद्धा परवा आली होती, मैत्रिणींबरोबर शनिवार-रविवार रानवाटांनी सायकलवर जायचं म्हणून. मोबाइलवर टायरच्या रुंद्या बघत बसली होती. केवळाबाईंना आता दिसत कमी, पण ऐकू सगळं येतं. म्हणाल्या, "दुकान काय बघत बसलीस? आधी वाट बघून ये."

पोरीनं वर बघितलं, माझ्या टायरला हात लावला, आणि गेली.

पोरी, नुसता हात लावून जाऊ नकोस गं. रबर वाळलंय, पण रिम सरळ आहेत. दोन ट्यूब आण, मला खाली काढ. शनिवार जवळ आलाय.