अप्पांची ना-हरकत

सहावीपर्यंत मी हजेरीला 'उपस्थित' म्हणायचे ते बाईंना ऐकू जायचं नाही. शेजारची हर्षला माझ्या वतीने ओरडायची. आता मी नववीत आहे आणि बाई म्हणतात, सानवी, जरा दुसऱ्यांनाही बोलू दे. हा सगळा प्रताप अप्पांचा.

अप्पा आमचे नातेवाईक नाहीत. ते वकील. भिसेगावात घराच्या पुढच्या खोलीत त्यांचं ऑफिस आहे, आणि लग्नाआधी माझी आई तिथे त्यांची ज्युनियर होती. पुढे तिला खालापूरच्या एका कंपनीत नोकरी लागली. तिचं काम असं, की कंपनीवर कोणी दावा लावला तर कंपनीची बाजू नीट लढवून घ्यायची आणि ते करताना वकिलांवरचा खर्च आटोक्यात ठेवायचा. नोकरीत असल्यामुळे ती स्वतः कोर्टात उभी राहू शकत नाही. उभे राहायचे अप्पा.

आईला यायला उशीर होतो म्हणून मी शाळेतून थेट अप्पांकडे जायचे. ते मला टेबलासमोर उभं करायचे.

"बोला वकीलीणबाई, तुमच्या अशिलाला चहाबरोबर एक बिस्किट जास्त का मिळावं?"

मी काहीतरी पुटपुटायचे. ते कानामागे हात धरायचे. "कोर्टाला ऐकू आलं नाही. अर्ज नामंजूर." बरणीचं झाकण बंद. बिस्किटांच्या कितीतरी केसेस हरून मी बोलायला शिकले. त्यांची एक पद्धत होती, ती त्यांनी मला घोटून घोटून शिकवली. आधी समोरच्याचं म्हणणं मांडायचं, आणि तेही त्याच्यापेक्षा चांगलं. ऐकणाऱ्याला वाटलं पाहिजे, अरे, हाच तर खरा. मग थांबायचं, श्वास घ्यायचा आणि म्हणायचं, "परंतु." तिथून आपली बाजू सुरू. ह्याच परंतुवर मी यंदा वक्तृत्वात तालुक्यात पहिली आले.

फेब्रुवारीत शाळेत बारावीच्या परीक्षेचं सेंटर होतं, आम्हाला सुट्टी. मी आईबरोबर खालापूरला निघाले. कोर्टाची तारीख असली की अप्पा भिसेगावच्या नाक्यावर काळा कोट घालून उभे असतात आणि आई त्यांना गाडीत घेते, हे ठरलेलं. बसता बसता मी त्यांना तालुक्याची बातमी दिली.

"तालुक्यात पहिली?" ते म्हणाले. "म्हणजे जिल्ह्याला अजून तुझा त्रास सुरू व्हायचाय."

चौक गावाच्या अलीकडे त्यांनी विचारलं, "तुझी वक्तृत्व स्पर्धा कधी आहे गं?" मला वाटलं चिडवतायत. आईने आरशातून माझ्याकडे बघितलं आणि मान हलवली, काही बोलू नकोस अशी. तेव्हा मला कळलं की तिला हे आधीपासून माहीत आहे.

दावा जिजाबाईंचा होता. त्या डोंगराकडच्या एका वाडीवर राहतात. त्यांचं भाताचं खाचर कंपनीच्या भिंतीला लागून आहे. भिंत बांधताना ओहोळाची वाट बुजली आणि तेव्हापासून पावसाळ्यात पाणी खाचरात तुंबतं, असं त्यांचं म्हणणं. कंपनीचं म्हणणं, ओहोळ आधीच दुसरीकडून वळला होता, भिंतीचा काही संबंध नाही. अप्पांनी हेच सांगायचं होतं.

ते उभे राहिले. घरात जिना चढताना धापा टाकणारा माणूस कोर्टात उभा राहिला की उंच दिसतो.

"साहेब, ओहोळाला नकाशा वाचता येत नाही," त्यांनी सुरुवात केली. "तो आपल्या जुन्या वाटेनं येतो. वाटेत भिंत दिसली की थांबतो, आणि थांबायला त्याला शेजारचं शेत लागतं. ही बाई वाकून लावणी करते. वर बघते तो पाणी चढलेलं. रोप कुजतं, ती पुन्हा लावते, ते पुन्हा कुजतं. साहेब, तिनं भिंत पाडा म्हटलेलं नाही. तिनं फक्त पाण्याला वाट मागितली आहे."

कोर्टात पंख्याचा आवाज तेवढा येत होता. मी बाकाच्या टोकाला सरकले. मला माहीत होतं आता काय येणार. अप्पा थांबले. त्यांनी श्वास घेतला. त्यांनी हातातल्या कागदाकडे बघितलं, मग न्यायाधीशांकडे.

"एवढंच, साहेब," ते म्हणाले आणि बसले.

जिजाबाईंचा वकील अर्धवट उठला, परत बसला. सगळं तर सांगून झालं होतं. न्यायाधीशांनी चष्मा काढला, आईकडे बघितलं आणि हळू आवाजात पुढची तारीख दिली. त्यांनी अप्पांना काहीच विचारलं नाही. मला ते विचारण्यापेक्षा वाईट वाटलं.

बाहेर पायरीवर जिजाबाई भेटल्या. "अप्पा, माज्या वकिलापरीस तुमीच बरं बोललात," त्या म्हणाल्या आणि आईकडे वळून हसल्या. "आता फी कोनाला देऊ गं बाय, ह्याला का तुज्या म्हाताऱ्याला?"

अप्पाही हसले. गाडीत बसल्यावर त्यांनी खुशीत विचारलं, "कसं झालं गं, प्रमोदिनी?"

"छान झालं, अप्पा," आई म्हणाली आणि तिने गाडी सुरू केली.

दरवर्षी मुंबईच्या हेड ऑफिसातून आईला एक मेल येतो. कोर्टकचेरीचा खर्च कमी करा, छोटे दावे वेगवेगळ्या वकिलांकडे नकोत, सगळे एकाच फर्मला ठरलेल्या फीत द्या. दरवर्षी आई त्यांच्याशी भांडते आणि पटवून देते की अप्पांइतकं स्वस्त आणि चांगलं कोणी मिळणार नाही. ह्या वर्षी मेल आला आणि आई भांडली नाही. तिने पनवेलच्या एका फर्मला होकार कळवला. तिथला सिद्धांत नावाचा वकील खालापूरला येणार होता.

"अप्पांना खर्चाचं कारण सांगायचं," ती मला म्हणाली. "त्यांनी हेड ऑफिसला शिव्या घातलेल्या चालतील. मला घातलेल्या चालतील. पण त्यांना ते दुसरं कळता कामा नये. सानू, तू तोंड बंद ठेवायचंस."

एका वकिलाचं वकीलपत्र असताना दुसऱ्याला त्या दाव्यात यायचं असेल तर पहिल्याची सही लागते. ना-हरकत. ती घ्यायला आम्ही रविवारी भिसेगावात गेलो. आतमध्ये स्वयंपाकाला येणाऱ्या छायाताईंनी कुकर लावला होता. आईने कागद टेबलावर ठेवला आणि घरून पाठ करून आणलेलं सगळं सांगितलं.

अप्पांनी शांतपणे ऐकलं. "माझी फी जास्त होतेय?"

"हेड ऑफिसचा आग्रह आहे, अप्पा. खर्च कमी करायचाय."

"मग फी नको. तसाच उभा राहीन. मला तरी घरी बसून काय करायचंय?"

हे उत्तर आईच्या तयारीत नव्हतं. "कंपनीला तसं चालत नाही," ती कशीबशी म्हणाली.

अप्पा खुर्चीत ताठ बसले. आवाज बदलला. "फक्त हो किंवा नाही सांग. नवा वकील बाहेरगावचा?"

"हो."

"त्याचं येण्याजाण्याचं भाडं कंपनी देणार?"

"हो."

"म्हणजे तो माझ्यापेक्षा स्वस्त पडणार?"

आई काहीतरी पुटपुटली.

"कोर्टाला ऐकू आलं नाही."

"नाही," आई म्हणाली.

"मग खर्च हे कारण नव्हे." आणि ते माझ्याकडे वळले. "सानवी, तू होतीस त्या दिवशी. माझं काय चुकलं?"

आईने माझ्या दंडाला धरलं. पण ज्यांनी मला बोलायला शिकवलं त्यांनीच विचारलं होतं, आणि ते कानामागे हात धरून बसले होते.

"तुम्ही 'परंतु' म्हणाला नाहीत, अप्पा."

आत कुकरची शिट्टी झाली. अप्पांचा हात कानावरून हळूहळू खाली आला.

"सगळं तिचंच बोललो?"

"हो."

"आणि बसलो?"

"हो."

"बरं बोललो का?"

"खूप छान," मी म्हटलं, आणि मला रडू आलं.

त्यांनी बरणी माझ्यापुढे सरकवली. मग आईला म्हणाले, "हेड ऑफिसनं विचारलं, ह्या वर्षी माझ्यासाठी का भांडली नाहीस, तर खर्चाचं लिहू नकोस. त्यांना हिशेब येतो, पकडतील. लिही, म्हातारा फितूर झाला."

"असं कसं लिहू मी तुमच्याबद्दल?"

"फितूर म्हटलं तर चिडतील. विसरला म्हटलं तर हळहळतील. मला हळहळ नको, प्रमोदिनी." त्यांनी कागद ओढला आणि सही केली, नेहमीसारखी, शेवटी लांब शेपूट असलेली. "त्या मुलाला सांग, खालापूरला जरा मोठ्यानं बोल. पंखा फार वाजतो तिथे."

घरी आल्यावर आई गाडीतून उतरलीच नाही. स्टिअरिंगवर डोकं ठेवून बसली. मी तिच्या पाठीवर हात ठेवून बाजूला बसले आणि आयुष्यात पहिल्यांदा मला बोलायला काही सुचलं नाही म्हणून बरं वाटलं.

तिने फितूर लिहिलं नाही. पण त्या महिन्यात तिने हेड ऑफिसला वेगळंच पटवलं, की जिजाबाईंचा दावा वर्षानुवर्षं लढवण्यापेक्षा पाणी जायला भिंतीखालून एक मोरी काढणं कमी खर्चाचं आहे. खर्च म्हटल्यावर ते ऐकतात. पुढच्या तारखेला कोर्टात तडजोड दाखल करायची ठरली. सिद्धांत परस्पर खालापूरला पोचणार होता, आणि आई जाताना मला शाळेत सोडणार होती.

भिसेगावच्या नाक्यावर अप्पा उभे होते. काळा कोट, गळ्याला पांढरे बँड, हातात पिशवी. तारीख त्यांच्या लक्षात होती, ना-हरकतीवर केलेली सही तेवढी नव्हती. गाडी दिसताच त्यांनी हात वर केला.

आईने वेग कमी केला.

"मी उतरते," मी म्हटलं. "तू जा."

गाडी पुढे गेली तशी अप्पांनी तिच्याकडे बघितलं, मग माझ्याकडे. "ही मला न घेता कशी गेली? माझा युक्तिवाद आहे आज."

"तो दावा मिटला, अप्पा. तडजोड झाली. कंपनी पाण्याला वाट देणार आहे. तुमच्या बोलण्यामुळे."

"माझ्या? काय म्हटलं मी?"

समोर रिक्षा उभ्या होत्या, माझ्या वर्गातली मुलं सायकलींवरून जात होती. मी दप्तर खाली ठेवलं आणि सरळ उभी राहिले. "साहेब, ओहोळाला नकाशा वाचता येत नाही," मी सुरुवात केली. सगळं म्हटलं, कुजलेलं रोप, वाकलेली बाई, पुन्हा केलेली लावणी. आवाज चौकाच्या पलीकडे जात होता. अप्पा कानामागे हात धरून ऐकत होते, खरंतर त्याची गरज नव्हती. "तिनं फक्त पाण्याला वाट मागितली आहे," मी म्हटलं आणि थांबले.

त्यांचे डोळे चमकले. "वा. समोरच्याचं इतकं चांगलं मांडलं की मग मजा येते," ते म्हणाले. "हं. आता परंतु म्हण."

आणि ते वाट बघत उभे राहिले.