चमचाभर वाटण

मित्रांनो, मी एक जुना लोखंडी तवा आहे. लहानसा, जाड बुडाचा, लांब दांड्याचा. तेलावी गावच्या एका लोहाराने मला घडवले. गिऱ्हाइके मला उचलत, "हा काय खेळण्यातला?" म्हणत आणि परत ठेवून देत. मग एक दिवस नुनू नावाची बाई आली. ती म्हणाली, "पिशवीत मावेल असाच हवाय."

तिच्या मुलीला, केतोला, अक्रोड चालत नसे. म्हणजे आवडत नसे असे नव्हे. लहानपणी एका लग्नात तिने अक्रोडाच्या रश्श्यात बुडवलेला पावाचा तुकडा खाल्ला आणि तिचा घसा सुजून श्वास बंद होऊ लागला. कशीबशी वाचली. आता आमच्या जॉर्जियात अक्रोड कशात नसतो? वांग्यात, पालकात, घेवड्यात, कोंबडीच्या रश्श्यात. घरी नुनू डोळ्यांत तेल घालून जपे. पण प्रवासात आपला जीव परक्या चुलीवर सोपवावा लागतो. म्हणून मी.

खाणावळीत शिरले की केतो मला पुढे करी. "मावशी, याच्यातच करा. चमचा धुऊन घ्या. अक्रोड पोटात गेला तर माझं खरं नाही." कोणी हसे. कोणी फणकारे, "का गं, आमच्या भांड्यांना रोग झालाय?" पण करून देत. शाळेच्या सहली झाल्या, समुद्र झाला, नोकरीच्या फेऱ्या झाल्या. इतक्या वर्षांत अक्रोडाचा कणही माझ्या अंगाला लागला नव्हता. मित्रांनो, मला त्याचा फार अभिमान होता.

मग केतोचे लग्न झाले. नवऱ्याचे नाव होते गेला, गाव दूर पश्चिमेकडचे झुगदिदी. बोलका, प्रेमळ. लग्नानंतर दोघे पहिल्यांदाच त्याच्या घरी निघाले, तेव्हा माझी पिशवी त्यानेच खांद्याला लावली. पण वाटेत त्याच्या आईचे फोनवर फोन येत होते. सुनेसाठी तिने अक्रोडाच्या रश्श्यातली कोंबडी केली होती. सगळी भावकी जेवायला येणार होती.

"आईला सांगितलंस ना?" केतोने विचारले.

"सांगितलं गं. ती म्हणते, हे शहरी लाड आहेत. एकदा खाल्लं की भीती जाईल."

"ही भीती नाही, गेला."

"बरं, बरं," तो म्हणाला आणि रस्त्याकडे पाहू लागला.

घाट चढून गेल्यावर ते एका खाणावळीपाशी थांबले. लामारा नावाची बाई ती चालवत होती. केतोने मला तिच्या हाती दिले आणि नेहमीचे सगळे सांगितले. लामाराने मला घासले, विसळले, कोरडे केले. माझ्यात घेवड्याच्या शेंगा परतल्या, वर अंडी फोडली. शेंगांचा वास सुटला. तेवढ्यात गेला आत आला.

"मावशी, थोडं अक्रोडाचं वाटण घाला त्यात."

लामाराचा हात थांबला. "अरे, तुझ्या बायकोनं बजावून सांगितलंय."

"मनाचे खेळ आहेत तिचे. चमचाभरच घाला, तिला कळणारही नाही. खाऊन झाल्यावर मी सांगतो. मग स्वतःच हसेल. नाहीतर आज माझ्या आईसमोर, सगळ्या भावकीसमोर ताट सरकवून बसेल ती."

"नक्की ना? काही होणार नाही ना?"

"मी तिचा नवरा आहे, मावशी."

मित्रांनो, ते वाटण माझ्यावर पडले. मी तापलेला होतो, तरी गार पडल्यासारखे झाले. मला ओरडायचे होते. उलटा होऊन सगळे चुलीत सांडायचे होते. पण लामाराने दांडा धरून मला उचलले आणि तसेच टेबलावर, केतोच्या पुढ्यात नेऊन ठेवले.

माझ्यातले अन्न केतो कधी तपासत नसे. तिने घास घेतला. दुसरा घेतला. मग ओठांवरून बोट फिरवले. गेला तिच्याकडे टक लावून पाहत होता, हसायच्या तयारीत.

तिच्या मानेवर लाल गांधी उठल्या. "गेला," ती म्हणाली, पण आवाज घोगरा झाला होता. अशा वेळेसाठी पर्समध्ये ठेवलेली औषधाची सुई काढून तिने मांडीत टोचून घेतली. सुईने जरा उतार पडला आणि पुन्हा घसा आवळू लागला. श्वास घेताना शिट्टीसारखा आवाज येत होता. लामारा रुग्णवाहिकेला फोन करत होती. घाटातून गाडी यायला वेळ लागत होता. गेला तिचा हात धरून नुसता "केतो, केतो" करत होता. मी तिथेच टेबलावर, उरलेले अन्न अंगावर घेऊन.

डॉक्टरीणबाई आल्या. दुसरी सुई देता देता विचारले, "काय खाल्लं?"

केतोने माझ्याकडे बोट केले. "तवा... माझाच आहे. मावशी, तुम्ही... घासला नाहीत?"

लामाराचा चेहरा पांढरा पडला. ती गेलाकडे वळली. "तू सांगतोस की मी सांगू?"

"मी घालायला सांगितलं," गेला म्हणाला. "अक्रोड. एक चमचा."

केतोने डोळे मिटून घेतले. तिचा हात त्याच्या हातातून निसटला.

ती वाचली. दुसऱ्या दिवशी नुनू दवाखान्यात पोहोचली तेव्हा गेला मला मांडीवर घेऊन बाहेर बाकावर बसला होता. त्याने मला किती घासले होते! मग आत जाऊन केतोसमोर धरले. "चुकलो मी. मला वाटलं..."

"तुला खोटं वाटत होतं तर माझ्याशी भांडायचं होतंस," केतो म्हणाली. "मला खाऊ घालायचं नव्हतं."

ती आईबरोबर तेलावीला परतली. झुगदिदीला कधी गेली नाही. नुनूने मला विस्तवात लालबुंद होईपर्यंत तापवले, राखेने घासले, पुन्हा तापवले. तिने माझ्यात अंडे करून केतोपुढे ठेवले. केतो बराच वेळ बघत राहिली. तिने काटा उचलला आणि खाली ठेवला. "आई, मला माहीत आहे तो स्वच्छ आहे," ती म्हणाली. "पण माझ्याच्यानं होत नाही."

आता ती प्रवासाला सोबत उकडलेले बटाटे नेते. खाणावळीच्या दारात थांबते, आतल्या लोकांचे हसणे ऐकते आणि गाडीत बसून खाते. मी फडताळात मागच्या बाजूला पडून आहे. माझी तक्रार नाही. मला गंज चढला तर चढू दे.

मात्र मित्रांनो, कधी कोणी तुमच्या ताटापाशी येऊन म्हणाले, "मला हे चालत नाही," तर ते खरे की खोटे याची परीक्षा त्याच्या घासात घेऊ नका. ते विष माझ्या अंगावरून तासाभरात निघाले. तिच्या मनातून ते कशाने निघेल, हे मला अजून कळलेले नाही.