डब्यातली बहीण

"हौशीरामभाऊ, मध्यंतरानंतर त्या पोराची बहीण गेली कुठं?"

हे विचारून दाखवशील तर तुला मानलं, अशी पैज माझ्या मैत्रिणींनी, हर्षाली आणि अक्षदानं, लावली होती. आमच्या येडगावच्या जत्रेत तंबूचा सिनेमा येतो. तंबूच्या मालकाशी पोरी बोलत नाहीत. मी म्हटलं, त्यात काय! दहावीची परीक्षा देऊन मोकळी झालेली वैजयंती कुणाला घाबरणार? दुपारची वेळ, तंबू रिकामा, भाऊ फिल्म गुंडाळत बसलेले. त्या दोघी कनातीआड, मी थेट पुढं.

पिक्चर हिंदी. वीटभट्टीवरचं पोरगं, त्याला विमान चालवायचंय. आख्खा गाव त्याला हसतो. थोरली बहीण मात्र डोक्यावर विटा वाहता वाहता त्याच्याकडून पाढे घोकवून घेते. मध्यंतर झालं आणि बहीण गायब! शेवटी विमान भट्टीवरून जातं, आई रडते, बाप रडतो, मास्तरसुद्धा रडतात. काल सगळ्या बायकांनी पदरानं डोळे पुसले. माझं आपलं एकच, अगं, ती मेली का तिचं लग्न झालं?

भाऊ हसले. "हाय की ती. ह्या डब्यात." त्यांनी पायापाशी पडलेल्या पत्र्याच्या डब्यावर थाप मारली. "जत्रेत तीन खेळ बसवायचे म्हंजी एक रीळ काढावंच लागतं."

"मग तिचंच का?"

"जे काढून अडत न्हाई, ते काढायचं. आजपातूर कुठल्याच गावात कुणी इचारलं न्हाई बघ."

ते मला लागलं. कारण आमच्या घरीही असंच ठरत होतं. धाकटा भाऊ गोरख जूनपासून जीपनं नारायणगावच्या शाळेत जाणार आणि मी घरी. जूनला टोमॅटोचा तोडा, म्हणजे तोडणी, सुरू होते, आईला जोडीला कुणीतरी हवं. कुणी मला रागावून बोललं नव्हतं. माझ्या कॉलेजावाचून कुणाचं अडत नव्हतं, एवढंच.

"भाऊ, आज पहिल्या खेळाला ते रीळ लावा."

"आन् काढू काय? मारामारी? पब्लिक तंबू उपटंल माजा!"

"गाणं काढा. बायकांची बाजू गच्च भरून देते."

"आन् न्हाई भरली तर?"

"तर उद्या दारावर तिकिटं फाडायला मी!"

कनातीआडून हर्षाली पुटपुटली, "मेलो आपण."

भाऊ कबूल झाले. मग आम्ही तिघी घरोघर सांगत सुटलो, काल अर्धवट दाखवला, आज पुरा आहे! आपल्याला अर्धवट दाखवला म्हटल्यावर कोण घरी बसतंय? माझी आईसुद्धा आली. माझे वडील, आबा, मधल्या दोरीपलीकडं पुरुषांत.

गाणं आलं नाही तसं तिकडून शिट्ट्या सुरू झाल्या. पडद्यावर बहीण विटांच्या धुळीनं माखलेली, शाळेच्या पायरीवर उभी. मास्तरांना विचारते, "त्याला मी शिकवलं, मला कोण शिकवणार?" शिट्ट्या चालूच. तशा आमच्या शेजारच्या लंकाबाई उठून दोरीपलीकडं ओरडल्या, "गप बसा रं मुडद्यांनो, पोरगी बोलतीय!"

तंबू चिडीचूप. बहीण आत गेली, शेवटच्या बाकावर बसली. मी आईकडं पाहिलं. ती डोळे पुसत नव्हती. ताठ बसून बघत होती.

सकाळी रानात टोमॅटोची बांधणी चालली होती. आबा तार ओढत होते, आई सुतळी बांधत होती.

आबा म्हणाले, "त्या भट्टीवाल्या पोरीची डेरिंग लई!"

"व्हय की," आई म्हणाली. "आन् परवा तेच कापलं व्हतं."

मी हातातली सुतळी खाली ठेवली.

"आबा, आई, ऐका. मी अकरावीला सायन्स घेणार. जूनपासून गोरखच्या शेजारी जीपमध्ये मी बसणार. सकाळचा तोडा करून जाईन, आणि रविवारी गोरखपण तोड्याला वाकेल. निकाल लागला की दुसऱ्याच दिवशी नाव घालायचं. तुम्ही येताय, का मी एकटी जाऊ?"