काळ्या नवरीची साक्ष

मी एक म्हातारी टाचणी आहे, चतुराची सडपातळ बहीण. वय सव्वीस दिवस.

पंख मिटलेले.

त्याआधीचं वर्ष पाण्याखाली गेलं, मित्रांनो. अ‍ॅटलस डोंगरातल्या या ओढ्यात, दगडाखाली, मी मातकट अळी होते. ऊन तापलं तशी पाणगवताच्या देठावर चढले, कातडी फाटली आणि धुरकट काळे पंख बाहेर आले. माझ्या सोबत्याचे तर कोळशासारखे होते. परका नर आला की तो त्याला वळणापलीकडे हुसकायचा. मी पाण्यात बुडी मारून देठांना चिरा पाडल्या, एकेका चिरेत एकेक अंडं ठेवलं. ती फुटेपर्यंत पंधरा दिवस पाणी नीट राहायला हवं. माझं एवढंच मागणं.

पंख उघडे.

इथल्या बायका आम्हाला काळ्या नवऱ्या म्हणतात. आम्ही बसलो असू तिथलं पाणी चांगलं, असं मानून तिथेच त्या लोकर धुतात, घागर भरतात.

"तुदा, नवऱ्या बसल्यात ना? मग भर," म्हातारी हाद्दा सुनेला सांगते.

"आत्याबाई, तुमचा माणसांपेक्षा किड्यांवर विश्वास जास्त."

"माणसं ओळखते म्हणून! त्यातलं एक मीच जन्माला घातलंय."

पंख मिटलेले.

ते एक म्हणजे मोहा. घरी लग्नाचे पाहुणे यायचे होते. त्याचा आजा कुटलेला पाला वाहत्या पाण्यात टाकून मासे गुंगवायचा. उरलेले तासाभरात शुद्धीवर यायचे. काल दुपारी मोहाने दगड रचून डोह अडवला आणि सफरचंदांच्या किडीवर फवारायची पांढरी पूड ओतली.

"अरे, आजा पाला टाकायचा," मेव्हणा बासू म्हणाला.

"आजाला दिवसभर वेळ असायचा. आणि आईजवळ तोंड उघडू नकोस."

मासे उलटे तरंगले. दोघांनी पोतं भरलं. दगड तसेच राहिले, पाणीही आतच अडून राहिलं.

सोबती परतला नाही. देठांवरच्या माझ्या चिरा तपकिरी पडल्या. दगडांखालच्या अळ्या, पुढच्या वर्षीच्या टाचण्या, हलायच्या थांबल्या.

पंख...

आज सकाळी हाद्दा घागर घेऊन आली. पाणी निवळलं होतं. तिला आता नीट दिसत नाही, पण हिरव्यावरचं काळं दिसतं. ती मला शोधत होती.

मला उडून जायचं होतं. खरंच. पण कवडसा पडला की आमच्या जातीला बसावंच लागतं. मी बसले.

उघडे.

"आहेस होय गं, नवरी!" हाद्दा हसली आणि वाकली.

मित्रांनो, माझे पंख गेल्या वर्षीच्या पाण्याने घडवले. आजच्या पाण्याची साक्ष मी कशी देणार? काठावर भुलू नका. तळचा एक दगड उलटा करा. त्याखाली काही हलतं का, ते आधी पाहा.

हाद्दाची घागर बुडबुडते आहे.