कालच्या खुणा

नेलिदा ओयार्सुनला विसरण्याची फार भीती. चिलीतल्या वाल्पाराइसोच्या टेकडीवरची जुनी लिफ्ट, म्हणजे दोराने ओढले जाणारे रुळांवरचे दोन डबे, तिच्या देखरेखीखाली आली, तसं तिने पहिलं काम केलं ते वह्या बंद करण्याचं. सगळी कामं मोबाईलमधल्या नोंदींच्या अ‍ॅपवर चढली. काम झालं की समोरच्या चौकोनात खूण करायची, आणि सगळ्या खुणा झाल्याखेरीज यंत्र सुरू करायचं नाही.

“त्या मोबाईलला विचार गं पोरी, मी न्याहारी केली का ते,” यंत्र चालवणारा म्हातारा बाउदिलिओ चिडवायचा.

“केलीत, मास्तर. दोनदा केलीत.”

त्या मंगळवारी दुरुस्ती लांबली. दोन्ही डबे उतारावर थोपवलेले होते. एक वरच्या फाटकाजवळ, दुसरा खालच्या फाटकापासून वीसेक पावलांवर. अकराला सुरू व्हायची लिफ्ट बारा वाजले तरी उभीच होती. रांगेतली एक बाई काठी आपटत ओरडली, “चालत गेले असते तर एव्हाना मासे तळून झाले असते!” त्यात ऑफिसातून तिसरा फोन आला.

“हो साहेब, सोडतेच,” म्हणत नेलिदाने यादीवरून बोट फिरवलं. दोराला वंगण, खूण. ब्रेक तपासला, खूण. दुरुस्तीवाला येर्को खालच्या फाटकाजवळच्या खड्ड्यातून बाहेर आला, खूण.

“सोडा, मास्तर.”

बाउदिलिओने दांडा ओढला. चाक कुरकुरलं आणि दोर ताणला गेला.

यादीतली शेवटची ओळ तिने तेव्हा वाचली: यंत्राच्या झाकणाचे आठ बोल्ट आवळले. तिथेही खूण होती. तिचा हात खिशात गेला, तर आठही बोल्ट तिथेच! झाकण आज बसवलंच नव्हतं. सकाळी घाईघाईत तिने कालची यादी उचलून त्यावर आजची तारीख घातली होती. यादीबरोबर कालच्या खुणाही तशाच आल्या होत्या.

म्हणजे येर्को अजून खालच्या खड्ड्यात होता, आणि खालचा डबा त्याच्याकडेच निघाला होता.

“थांबवा! येर्को खाली आहे!”

म्हाताऱ्याने सगळं अंग ब्रेकवर टाकलं. चाक किंचाळलं, आणि थांबलं. डबा कुठवर गेला ते वरून दिसत नव्हतं. नेलिदाने येर्कोला फोन लावला, तर घंटी तिच्या मागेच वाजली. त्याचं जाकीट खुंटीला लटकत होतं.

ती पायऱ्यांनी धावत सुटली. जिना वळणावळणाचा, मध्ये कुणाची तरी कुत्री, कुणाची भाजीची पिशवी. “येर्को!” ती ओरडत होती, आणि खालून उत्तर नव्हतं.

डबा खड्ड्यापासून हातभर अंतरावर थांबला होता. खाली येर्को पालथा पडला होता, दोन्ही हात डोक्यावर. कानातलं आवाजरोधक त्याने काढलंच नव्हतं.

तिने खाली उतरून त्याच्या खांद्याला हात लावला. तो दचकून उठला.

“रूळ थरथरले म्हणून वर बघितलं,” तो म्हणाला. मग त्याचा आवाज चढला. “कुणी सोडली? कुणाच्या बापाने सोडली?”

“मी,” नेलिदा म्हणाली.

त्याने तिच्याकडे पाहिलं, आणि बाहेर येऊन बाकावर बसला. 

दुपारी बाउदिलिओ तिला बाजूला घेऊन म्हणाला, “ब्रेक आपोआप सुटला म्हणून सांगू. माझं वय झालंय, मला काय करणार ते?”

“नको, मास्तर. उद्या खरोखरच ब्रेकला दोष देऊन बसतील, आणि यादी तशीच राहील.”

तिने घडलं ते सगळं लिहून दिलं. ऑफिसने तिला दीड महिना कामावरून दूर ठेवलं. येर्कोने त्या काळात तिचा एकही फोन उचलला नाही.

ती परतली त्या सकाळी तो यंत्राच्या खोलीत तिच्याआधी हजर होता. त्याने यंत्राची किल्ली काढून स्वतःच्या खिशात टाकली.

“मी खाली असेन तोवर ही माझ्याकडे. तुझ्या यादीत काहीही लिहिलेलं असो.”

“राहू दे,” ती म्हणाली. “मीच मागणार होते तसं.”

दोघं जिन्याने खाली आली, आणि तो खड्ड्यात उतरला. तिच्या खिशात ऑफिसचा फोन वाजत राहिला, पण नेलिदा खड्ड्याच्या काठावरून हलली नाही. बऱ्याच वेळाने खालून आवाज आला, “नुसती बघतेस काय? तेलाचा डबा दे इकडे.”